परांची बांधून झाली, आता तिच्यात हात कोणी घालायचा?

ओळंबा (धागाकर्ता)

पाच ते दहा मजली इमारतीच्या बाहेरच्या प्लास्टरसाठी आणि रंगासाठी उभी राहते त्या लोखंडी परांचीबद्दल हा धागा आहे. कपलॉक (उभ्या पाइपवरच्या कपात आडवे पाइप अडकवायची पद्धत) असो की पाइप-क्लॅम्प, बांधणाऱ्या टोळीला बहुतेक वेळा आपलं काम येत असतं. घोळ होतो तो पुढच्या दोन-तीन महिन्यांत. प्लास्टरवाला आड येणारा टाय (परांचीला इमारतीशी धरून ठेवणारी बांधणी) काढतो. खिडकीवाला आतला लेजर (लांबीचा आडवा पाइप) सोडवतो. ड्रेनेजवाला पायाशी चर खणतो. माल आत घ्यायला कठड्याचा पाइप निघतो आणि संध्याकाळी कुणी परत लावत नाही. ज्याने त्याने एकेकच वस्तू काढलेली असते, पण त्या सगळ्या मिळून किती झाल्या याचा हिशेब कुणाकडेच नसतो.

म्हणून माझ्या मते सुपरवायझरचा पहिला नियम हा: परांचीचा कुठलाही भाग काढणं किंवा हलवणं हे फक्त बांधणाऱ्या टोळीचं काम, आणि तेही वहीत नोंद करून. गवंडी, रंगारी, फिटर यांना पाना लावायची परवानगीच नाही. पण हा नियम टिकवायचा असेल तर बोलावल्यावर टोळीचे दोन माणसं तासाभरात यायला हवीत. टोळी दुसऱ्या साईटवर आणि प्लास्टर इथे चालू, अशी व्यवस्था असेल तर नियम कागदावरच राहणार. त्यामुळे ठेकेदाराशी करार करतानाच दोन परांचीवाले काम संपेपर्यंत साईटवर राहतील, असं लिहून घ्या.

आता ताब्यात घेताना काय पाहायचं. सुरुवात तळापासून करा. प्रत्येक व्हर्टिकलखाली (उभ्या पाइपखाली) बेस प्लेट किंवा जॅक (आट्याने उंची जुळवायचा पाय), त्याखाली लाकडी फळी. पहिला लेजर जमिनीपासून शक्यतो अर्ध्या मीटरच्या आत. कपलॉकमध्ये कप दर ५०० मिमीवर असतात, खालचा कप वेल्ड केलेला आणि वरचा सरकता. लेजरचं पातं खालच्या कपात बसलं की वरचा कप खाली घेऊन फिरवायचा आणि हातोडीचे दोन-तीन ठोके द्यायचे. कपात सिमेंटची स्लरी सुकलेली असेल तर पातं पूर्ण बसत नाही आणि कप अर्धवट फिरून अडतो. लांबून तो बंदच दिसतो. म्हणून चालता चालता हातोडीने एकेक सांधा ठोकून बघा. नीट बसलेल्याचा आवाज खणखणीत येतो, सैल सांधा बद्द वाजतो आणि कप हलतो.

कपलॉक आहे म्हणून तिरपे पाइप लागत नाहीत, हा समज मात्र मनातून काढून टाका. कप सांधा कितीही घट्ट असला तरी चौकट बाजूला झुकण्यापासून वाचवायला तिरपं ब्रेसिंग लागतंच. दर पाच-सहा गाळ्यांमागे (गाळा म्हणजे दोन व्हर्टिकलमधली जागा) एका गाळ्यात, तळापासून माथ्यापर्यंत सलग, साधारण ४५ अंशांत आणि स्विव्हल (कुठल्याही कोनात फिरणाऱ्या) क्लॅम्पने.

पाणसळ

बेस प्लेटखाली फळी का लागते, ते आकड्यांत मांडतो. म्हणजे "जमीन कडक आहे, राहू दे" हा वाद मिटेल.

वीसेक मीटर उंच परांचीत एका पायावर दीड टन भार सहज येतो. बेस प्लेट १५० × १५० मिमीची, म्हणजे ०.०२२५ चौ.मी. भागिले की चौरस मीटरला ६६ टनांच्या वर जातं. पायाच्या खड्ड्याभोवतीची भरावाची माती साधारण आठ-दहा टन सोसते. त्याच प्लेटखाली २२५ मिमी रुंद, ७५० मिमी लांब फळी टाकली की क्षेत्र ०.१६९ चौ.मी. होतं आणि दाब नऊ टनांच्या आसपास येतो. तोही काठावरच आहे, त्यामुळे भरावावर दोन पायांना मिळून एक दीड मीटरची लांब फळी टाका, आणि आधी माती थराथराने पाणी मारून ठोकून घ्या. फळी ३८ मिमीपेक्षा पातळ नको. विटेचा तुकडा, ब्लॉकचा तुकडा, फरशी यांतलं काहीही फळीच्या जागी चालत नाही. दाब एका बाजूला आला की ते फुटतं, आणि एक पाय खाली बसला की त्याचा भार शेजारच्या दोन पायांवर जातो.

जॅकचा आटा ३०० मिमीपेक्षा जास्त उघडा ठेवू नका. त्याहून जास्त उंची भरून काढायची असेल तर खालचा व्हर्टिकल बदला. ओळंब्यात पाहायचं ते पहिल्या थरातच. दोन मीटरच्या उंचीत पंधरा-वीस मिमी कलंडलेला पाय वर जाऊन सरळ होत नाही, वर फक्त बांधणारा तो ताणून जोडतो.

गिलावा

प्लास्टरच्या बाजूने विचारतो. टाय भिंतीतून बाहेर आलेला असतो, त्याच्याभोवती प्लास्टर करता येत नाही. ठेकेदार म्हणतो सलग माल मारा, सांधा दिसता कामा नये. मग टाय काढायचा नाही तर काय करायचं? आणि एखादा काढला तर खरंच इतका फरक पडतो?

ओळंबा

फरक किती पडतो ते आधी.

वाऱ्याचा दाब काढायचं सोपं सूत्र आहे: वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर. वळवाच्या पावसाआधी सुटणारा ताशी ७२ किमीचा वारा म्हणजे सेकंदाला २० मीटर. ०.६ × ४०० = २४०, म्हणजे चौरस मीटरला साधारण २४ किलो. हिरवी जाळी लावलेली परांची असेल तर एका टायकडे २५ चौ.मी.पेक्षा जास्त क्षेत्र देत नाहीत (जाळी नसेल तर ३२ पर्यंत). २४ × २५ = ६०० किलो. जाळीतून थोडा वारा पार होतो, म्हणून प्रत्यक्षात आकडा कमी येईल, पण चांगल्या राइट अँगल (काटकोनात जोडणाऱ्या) क्लॅम्पची सुरक्षित क्षमताही साधारण सहाशे किलोच धरतात. मधला एक टाय काढला की त्याचा वाटा शेजारच्यांवर जातो. एका आडव्या ओळीतले लागोपाठ दोन काढले तर उरलेले क्लॅम्प घसरायला एक वादळ पुरतं. आणि मुंबईसाठी आपल्या वाऱ्याच्या मानकात, आयएस ८७५ भाग ३ मध्ये, मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद आहे आणि पुण्यासाठी ३९. वर मी फक्त २० धरला आहे.

आता प्लास्टर कसं करायचं. शक्य असेल तिथे टाय भिंतीतून घेऊच नका, खिडकी-बाल्कनीच्या मोकळ्या जागेतून आत नेऊन कॉलमला चौकट बांधा. तो प्लास्टरच्या आड येत नाही. जिथे भिंतीतूनच आहे तिथे क्रम असा: आधी त्याच थरात, शेजारच्या व्हर्टिकलला नवा टाय लावायचा, तो घट्ट झाल्याची खात्री करायची, मगच जुना सोडायचा. एका वेळी एकच. प्लास्टर वरून खाली येतं, त्यामुळे टाय बदलणंही वरून खाली एकेक ओळीने येतं. उरलेलं भोक शेवटी, परांची उतरवताना, त्याच थरावर उभं राहून बुजवायचं. ठिगळ दिसेल हे खरं आहे. टेक्श्चरच्या थराखाली ते झाकलं जातं.

खिडकीच्या दोन बाजूंमध्ये जॅक ताणून अडकवलेला टाय एकूण टायच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. तो नुसत्या घर्षणावर उभा असतो, कंपनाने सैल होतो. दर आठवड्याला त्याचा आटा हाताने तपासा.

साईटवाली

अँकर बोल्टच्या टायबद्दल एक महत्त्वाची भर. बोल्ट आरसीसीच्या बीममध्ये किंवा कॉलममध्येच. सिपोरेक्स (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या भिंतीत घातलेला बोल्ट ड्रिल करताना घट्ट वाटतो, पण ओढ आली की ब्लॉकचा भुगा करत बाहेर येतो. बाहेरून प्लास्टर झालेलं असलं तर बीम कुठे संपतो ते कळत नाही, म्हणून स्ट्रक्चरल ड्रॉइंगवरून बीमच्या खुणा आधीच रंगाने करून घ्या. लावलेल्या बोल्टांपैकी दर वीसात एक, पण किमान तीन, ओढून तपासायचे, आणि ते ठरलेल्या भाराच्या सव्वापटीने. यंत्र भाड्याने मिळतं. एक जरी निघाला तर त्या भागातले सगळे तपासायचे.

आणि काँक्रीटचं वय बघा. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंड इथे २७ एप्रिल १९७८ रोजी बांधकाम चालू असलेल्या कूलिंग टॉवरची परांची कोसळून ५१ कामगार गेले. ती परांची टॉवरच्या भिंतीलाच धरून वर चढत जाणारी होती, आणि ज्या थराला ती धरली होती ते काँक्रीट आदल्याच दिवशी ओतलेलं होतं. पुरेशी ताकद यायच्या आत त्यावर भार आला. आपल्याकडे वरचा स्लॅब पडला की दुसऱ्या दिवशी परांची वाढवायची घाई असते, आणि सगळ्यात वरचा टाय नेमका त्या कोवळ्या बीमवर येतो. घनाचे (काँक्रीटच्या नमुना ठोकळ्यांच्या ताकदीचे) निकाल येईपर्यंत तो टाय खालच्या मजल्यावरच ठेवा.

हिरवी जाळी

जाळीचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी.

एक, जाळी शिडासारखी वारा धरते हे वर आलंच. पण टायचं गणित करताना जाळी नसते आणि सोसायटीने तक्रार केल्यावर महिन्याने ती लागते, हे वारंवार घडतं. जाळी लावायची असेल तर आधी टाय वाढवा, मग जाळी. फ्लेक्सचा बॅनर किंवा ताडपत्री तर त्याहून वाईट, त्यातून वारा जराही पार होत नाही. बिल्डरच्या जाहिरातीसाठी परांचीवर फ्लेक्स लावायला सरळ नकार द्या.

दोन, आग. २६ नोव्हेंबर २०२५ ला हाँगकाँगच्या ताय पो भागातल्या वांग फूक कोर्ट वसाहतीत दुरुस्ती चालू असताना आग लागली आणि सात टॉवर पेटले. दीडशेहून जास्त माणसं गेली. बाहेर बांबूची परांची आणि जाळी होती, खिडक्यांवर फोमचे बोर्ड लावलेले होते. जाळीचे काही नमुने आगीच्या निकषात नापास झाल्याचं तिथल्या तपासयंत्रणेने सांगितलं. आपल्याकडे चाळी आणि जुन्या सोसायट्यांच्या दुरुस्तीत लोक आत राहत असतानाच बाहेर सगळीकडे जाळी असते. वेल्डिंग, ग्राइंडिंग, वॉटरप्रूफिंगसाठी डांबरी शीट तापवणं, हे करताना त्या भागातली जाळी आधी गुंडाळून ठेवा. खाली एक माणूस पाणी आणि अग्निशामक घेऊन उभा हवा, आणि काम संपल्यावरही तो अर्धा तास तिथेच थांबला पाहिजे. जाळी घेताना अग्निरोधक असल्याचं प्रमाणपत्र मागा, आणि साईटवर आलेल्या गठ्ठ्यातला एक तुकडा सुरक्षित जागी पेटवून बघा. ज्योत काढल्यावर तो विझला पाहिजे.

गिलावा

टायचा क्रम समजला, धन्यवाद. मालाबद्दल पण कुणी सांगेल का? एका गाळ्यात किती विटा चढवू द्यायच्या?

पाणसळ

२ मीटर लांब, १.२ मीटर रुंद गाळा म्हणजे २.४ चौ.मी. सर्वसाधारण कामाची परांची चौ.मी.ला २०० किलोची धरली तर गाळ्याला ४८० किलो. दोन गवंडी आणि एक बिगारी अवजारांसकट २४० किलो धरा. राहिले २४०. मातीची वीट तीन-साडेतीन किलोची, म्हणजे चाळीस विटा सुमारे १३० किलो. मसाल्याची दोन भरलेली घमेली ५० किलो. एकूण ४२०. बस. दिवसभराचा माल एकदम चढवतात तेव्हा दीडशे विटांचीच चळत लागते आणि ती एकटीच ४८० किलो भरते. माणसं अजून चढायचीच आहेत.

शिवाय एकाच वेळी सगळ्या थरांवर पूर्ण भार चालत नाही. कुठल्या दोन थरांवर काम करायचं हे बांधतानाच ठरवलेलं असतं, ते पाटीवर लिहून ठेवा.

फळ्यांचं म्हणाल तर ३८ मिमी जाडीच्या फळीला आधार दीड मीटरच्या आत हवा. ५० मिमी जाडीची साधारण अडीच मीटर जाते. वरचा २ मीटरचा गाळा ३८ मिमीच्या फळीने झाकला असेल तर मधे एक जादा ट्रान्सम (फळ्यांना आधार देणारा रुंदीचा आडवा पाइप) लागतोच. आधाराच्या पुढे फळीचं टोक किमान ५० मिमी जावं म्हणजे घसरणार नाही, पण १५० मिमीपेक्षा जास्त नको, नाहीतर टोकावर पाय पडला की फळी उलटते. लोखंडी चाली (फळ्यांच्या जागी हूकने अडकवायचे पत्र्याचे पाट) असतील तर हूकची खालची कडी बंद आहे ना ते पाहा, वारा त्यांना खालून उचलतो. प्लास्टरच्या सोयीसाठी मधली एक चाली काढून ठेवणं हा प्रकार सगळीकडे दिसतो आणि माणूस त्याच फटीतून जातो. भिंत आणि फळ्या यांच्यातलं अंतर ३०० मिमीच्या वर गेलं तर आतल्या बाजूनेही कठडा लावा, किंवा ब्रॅकेटवर एक फळी वाढवा.

बाहेरच्या कठड्यासाठी कपलॉक सोयीचं आहे. फळ्यांच्या वर ५०० मिमीला एक कप, १ मीटरला दुसरा. दोन लेजर लावले की कठडा तयार. खाली १५० मिमीची पायपट्टी मात्र वेगळी बांधावी लागते, आणि तीच बहुतेक ठिकाणी नसते. विटेचा तुकडा, थापी, क्लॅम्प खाली जातात ते तिथूनच.

दोरखंड

सेफ्टी बेल्टबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पट्टा पायाशी अडकवून काम करणं हे खालच्या थरांवर जवळपास निरुपयोगी आहे, आणि त्याचं कारण सुपरवायझरला गणितासकट माहीत हवं. पट्ट्याची दोरी १.८ मीटर. झटका शोषणारं पाकीट पूर्ण उघडलं तर १.७५ मीटर. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर. वर एक मीटर मोकळं. बेरीज ६.०५ मीटर. म्हणजे हूक जिथे अडकवला त्याच्याखाली सहा मीटर मोकळी जागा हवी. दुसऱ्या थरावर, चार मीटरवर उभा असलेला माणूस हूक पायाशी अडकवून पडला तर पाकीट पूर्ण उघडून त्याला थांबवायच्या आत तो जमिनीवर पोचतो. हूक डोक्याच्या वर अडकवा. पडण्याचं अंतर कमी होतं, पाकीटही पूर्ण उघडत नाही.

कमरेचा नुसता पट्टा चालत नाही, पूर्ण अंगाचा हार्नेसच हवा. दोन हूक असलेली दोरी घ्या, म्हणजे सरकताना एक कायम अडकलेला राहतो. हूक व्हर्टिकलच्या सांध्याजवळ, नाहीतर इमारतीच्या कॉलमला बांधलेल्या लाइफलाइनला. कठड्याच्या मोकळ्या टोकाला कधीच नाही.

आणि पट्ट्याने वाचलेला माणूस लटकत राहिला तर पाय खाली लोंबून रक्त उतरतं आणि काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. अग्निशमन दल येईपर्यंत थांबायला तेवढा वेळ नसतो. जवळच्या मजल्याच्या खिडकीतून आत ओढायला दोरी, कप्पी आणि हे काम आधी करून पाहिलेली दोन माणसं साईटवर पाहिजेत.

महावितरणचा शेजारी

गल्लीतल्या इमारतींसाठी: वीजवाहिनी. परांचीच्या कडेपासून तार तीन मीटरवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कारण हातातला पाइप सहा मीटरचा असतो. उभा धरून फिरवताना त्याचं टोक कुठे जाईल ते मोजा. ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) तार जवळ असेल तर वीज कंपनीकडून लेखी शटडाउन घ्या किंवा तार हलवून घ्या. तारेवर प्लास्टिकचा पाइप चढवणं ही सोय ११ केव्हीला चालत नाही. त्या बाजूला लांब पाइप वापरूच नका, तीन मीटरचेच चढवा, आणि दोघांनी धरून आडवेच न्या.

साईटवाली

बांबूच्या परांचीबद्दलही प्रश्न येणार, म्हणून थोडक्यात. मुंबईतल्या दुरुस्तीच्या कामांत ती अजून सर्रास आहे. माझं स्पष्ट मत: तीन-चार मजल्यांच्या वर बांबू नको. खाली वापरायचाच असेल तर पिकलेला, सुका बांबू घ्या. ओला बांबू वाळताना आकसतो आणि बांध आपोआप सैल पडतो, म्हणून काथ्याचे बांध दर आठवड्याला पुन्हा आवळायचे. उभी चीर गेलेला किंवा भुंग्याची भोकं पडलेला बांबू बाजूला काढून तिथेच कापून टाका, नाहीतर तो संध्याकाळी परत चढतो. बांबूलाही इमारतीशी बांधणी लागते, आणि खिडकीच्या ग्रिलला बांधलेली दोरी म्हणजे बांधणी नव्हे.

ओळंबा

कागदपत्रांचं लिहितो, कारण मूळ प्रश्न त्यातच सुटतो.

आयएस ३६९६ भाग १ (१९८७) ही परांचीची सुरक्षा संहिता, लोखंडी पाइपच्या परांचीसाठी आयएस ४०१४. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याखालच्या (नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे) १९९८ च्या केंद्रीय नियमांत परांचीचं स्वतंत्र प्रकरण आहे. बांधणं, बदलणं आणि उतरवणं जबाबदार व्यक्तीच्या देखरेखीखालीच, असं त्यात आहे. आणि एका ठेकेदाराची परांची दुसऱ्याच्या कामगारांनी वापरायची असेल तर त्या दुसऱ्यानेही आधी ती तपासून घ्यायची. "परांची आमची नाही, आम्ही फक्त रंग देतो" हे म्हणणं त्यामुळे टिकत नाही.

तपासणी कधी? पहिल्या वापराआधी, मग दर सात दिवसांनी, आणि जोराचा पाऊस, वारा, धक्का किंवा कुठलाही बदल झाल्यावर पुन्हा. रोज सकाळी चढण्याआधी सुपरवायझरची एक फेरी वेगळी. शिडीच्या तोंडाशी हिरवी पाटी असेल तरच चढायचं. पाटीवर तारीख, कुठल्या थरांवर किती भार, तपासणाऱ्याची सही. काही काढलं की पाटी लगेच लाल, आणि शिडीची पहिली फळी आडवी बांधून बंद. नुसती लाल पाटी लावून शिडी मोकळी ठेवली तर माणसं चढतातच. शिडी चारास एक या उताराने, फळ्यांच्या वर एक मीटर निघालेली आणि दोन्ही बाजूंनी बांधलेली हवी.

कामगारांसाठी वेगळं सांगतो: टाय सैल दिसला, कप उघडा दिसला तर तुम्ही तो स्वतः ठोकू नका. खाली या, मुकादमाला दाखवा. आणि मुकादमाने त्या खाड्याची मजुरी कापायची नाही. एकदा कापली की पुढच्या वेळी कुणी सांगत नाही.

गिलावा

शेवटचं एक. उतरवताना टाय कधी काढायचे? आमच्याकडे वरच्या मजल्यापासून सगळे टाय एकदम काढून टाकतात आणि मग पाइप उतरवतात.

पाणसळ

ते आजच थांबवा. टाय त्याच्या वरचा थर पूर्ण उतरल्यावर, तो स्वतः ज्या थरात आहे त्या थराबरोबरच निघतो. क्रम: माथ्याचा थर, आधी पायपट्टी, मग फळ्या खालच्या थरावर, मग खालच्या थरावर उभं राहून कठडा, तिरपे पाइप त्या थरापुरतेच, लेजर, ट्रान्सम, व्हर्टिकल. टाय सगळ्यात शेवटी. उतरवणारे पूर्ण वेळ हूक अडकवून.

सुरू करायच्या आधी तळापासून माथ्यापर्यंत एक फेरी मारून टाय मोजा आणि बांधतानाच्या वहीतल्या आकड्याशी ताडा. कमी भरले तर आधी ते परत लावायचे, मग उतरवायला घ्यायचं. पाइप खाली टाकायचे नाहीत, दोरीने सोडायचे किंवा हातोहात द्यायचे. क्लॅम्प गोणीत. खाली निदान सहा मीटर परिसर पट्टीने बंद आणि एक माणूस फक्त लोकांना अडवायला. उतरलेला माल खालच्या थरावर रचून ठेवू नका, एका थराचे पाइप आणि चाली मिळून गाळ्याची मर्यादा केव्हाच ओलांडतात.